स्मरणिकेतली वाक्यं विकिपीडियावर का टिकत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या सरांनी मराठी विकिपीडियावर तीन पानं तयार केली: एक गावाचं, दुसरं गावच्या पतसंस्थेचं, तिसरं पंचक्रोशीत नाव असलेल्या एका कीर्तनकारांचं. पतसंस्थेचं आणि कीर्तनकारांचं पान काही दिवसांतच काढलं गेलं. गावाच्या पानावर 'हा मजकूर नकल-डकव केलेला दिसतो' अशी सूचना लागली. सर विचारतात, "चेअरमननी स्मरणिका स्वतःहून दिली, त्यांची परवानगी आहे, माहिती सगळी खरी आहे, मी एक पैसा घेतलेला नाही. मग यात जाहिरात कुठली आणि चोरी कुठली? आमच्या भागाबद्दल मराठीत आधीच कुणी लिहीत नाही, आणि लिहिलं की पुसतात!"

सर, आधी स्पष्ट सांगतो, पानं काढणाऱ्या प्रचालकाने, म्हणजे पानं वगळण्याचे अधिकार असलेल्या स्वयंसेवकाने, नियमाला धरूनच काम केलं आहे. सूचना रुक्ष होती, नवख्या माणसाला दोन ओळी समजावून सांगायला हव्या होत्या, हे मला मान्य आहे. पण २००३ साली सुरू झालेल्या या प्रकल्पात 'अलीकडील बदल' ही ताज्या संपादनांची यादी नियमाने चाळणारी माणसं आजही थोडीच आहेत, आणि तीही आपापली नोकरी सांभाळून, बिनपगारी. तेव्हा राग बाजूला ठेवू आणि तुमच्या हातात सामग्री काय होती ते बघू. काढलेला मजकूर तुम्ही प्रश्नासोबत जोडला आहे, म्हणून नेमकं बोलता येतंय.

जाहिरात आणि नक्कल हे तुम्हाला दोन वेगळे आरोप वाटतात. आपल्या सीमाभागात ते बहुतेक वेळा एकाच जागी जन्मतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे छापील मराठी माहिती कशात सापडते? रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत, वार्षिक अहवालात, जीर्णोद्धाराच्या पत्रिकेत, कुणाच्या तरी एकसष्टीच्या पुरवणीत, गौरवग्रंथात. हे सगळं लिहिलंच जातं सत्कारासाठी, आणि सत्कारात कुणी उणं बोलत नाही. त्यात गैर काही नाही. पण त्यातलं वाक्य जसंच्या तसं उचललं की वाक्याबरोबर सत्काराचा सूरही येतो. तुम्ही पैसे घेतले की नाही, तुमचा हेतू चांगला होता की नाही, याने त्या सुरात फरक पडत नाही. दुसऱ्याने स्वतःच्या कौतुकासाठी रचलेलं वाक्य तुमच्या पानावर बसलं, म्हणजे नक्कल झाली आणि जाहिरातही झाली.

आता परवानगीचं. चेअरमननी स्मरणिका दिली, म्हणजे कागद दिला. मजकुराचा हक्क त्यांचा आहे का? १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याप्रमाणे पहिला हक्क लिहिणाऱ्याचा असतो. नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल किंवा तसा करार असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या स्मरणिकेतला 'संस्थेची वाटचाल' हा लेख एका निवृत्त गुरुजींनी लिहिलाय, असं खाली छापलं आहे. म्हणजे चेअरमननी जी परवानगी दिली ती त्यांच्या खिशातली नव्हतीच. 'सर्व हक्क राखीव' असं कुठे छापलेलं नाही, हाही बचाव नाही. हक्क लिहिताक्षणी तयार होतो. त्यासाठी शिक्का लागत नाही, नोंदणी लागत नाही.

समजा गुरुजीही हो म्हणाले. तरी अडचण राहते. विकिपीडियावरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'श्रेय द्या आणि तसंच वाटा' या परवान्याखाली जातो. सध्या त्याची ४.० आवृत्ती चालते. याचा अर्थ उद्या कुणीही तो मजकूर उचलून, बदलून, पुस्तकात छापून विकू शकतो, फक्त श्रेय द्यायचं आणि पुढचा मजकूरही त्याच परवान्याखाली खुला ठेवायचा. 'विकिपीडियावर वापरायला आमची हरकत नाही' एवढं म्हणणं म्हणून पुरत नाही. हे सगळं समजून गुरुजींनी लेखी संमती दिली, तरी तो मजकूर दुसऱ्या कारणाने निघणारच, कारण तो कौतुकाचा आहे. म्हणून लेखी मजकुरासाठी परवानगीच्या मागे धावू नका, असं मी नेहमी सांगतो. फोटोसाठी मात्र जरूर धावा. जुन्या यात्रेचा, जुन्या शाळेच्या इमारतीचा फोटो कुणाकडे असेल तर तो पुन्हा काढता येत नाही. ज्याने काढला त्याने स्वतः कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या खुल्या भांडारात, चढवावा, किंवा कॉमन्सच्या परवानग्या तपासणाऱ्या स्वयंसेवकांच्या पथकाला त्याने स्वतःच्या ईमेलवरून संमती पाठवावी. व्हॉट्सॅप ग्रुपवर फिरणारा फोटो 'माझं स्वतःचं काम' म्हणून चढवणं हा आपल्याकडचा सर्वांत नेहमीचा गुन्हा आहे. वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो मोबाइलवर काढला, म्हणून कात्रण तुमचं होत नाही.

"पण मी शब्द बदलले होते," असं तुम्ही लिहिलंय. बघितलं मी. 'स्थापना झाली' च्या जागी 'मुहूर्तमेढ रोवली गेली', 'प्रगती केली' च्या जागी 'उत्कर्ष साधला'. वाक्यांचा क्रम तोच, परिच्छेद तिथेच तुटतात, उदाहरणंही तीच. याला पुनर्लेखन म्हणत नाहीत. मूळ रचना तशीच ठेवून शब्दांची अदलाबदल केली तरी ती नक्कलच, आणि आपल्याकडे तर अदलाबदल करताना भाषा आणखी फुलते, हे वर.

दुसरा एक गैरसमज सीमाभागात हमखास भेटतो. कानडी दैनिकातला किंवा संकेतस्थळावरचा लेख मराठीत आणला की तो आपला झाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. भाषांतर करण्याचा हक्कही मूळ लेखकाचाच असतो, कायद्याच्या कलम १४ मध्ये तो शब्दांत लिहिलेला आहे. कानडी विकिपीडियावरचा लेख मात्र मराठीत आणता येतो, इंग्रजीवरचाही, कारण परवाना तोच आहे. तेव्हा संपादनाच्या सारांशात 'अमुक विकिपीडियावरच्या तमुक लेखाचं भाषांतर' असं दुव्यासह नोंदवायचं. भाषांतराचं साधन वापरलं तर ती नोंद आपोआप पडते. पण मूळ लेखच कुणाच्या अहवालातून उचललेला असेल तर तोच रोग तुम्ही मराठीत आणाल, म्हणून तिकडचे संदर्भ उघडून बघितल्याशिवाय हात लावू नका.

मग काय उचलता येतं? तथ्य. तथ्यावर कुणाची मालकी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट सांगितलं आहे: कल्पना, विषय, ऐतिहासिक घटना यांना प्रताधिकार नाही, त्या मांडण्याच्या पद्धतीला आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, हे सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. 'सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या, निसर्गाने मुक्तहस्ते उधळण केलेल्या कणकुंबीच्या पावन भूमीत' असं कुणी लिहिलं असेल तर ते शब्द त्याचे. अर्थात ते उचलावेत असंही त्यांत काही नाही. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडची जी गावं मी विकिपीडियावर वाचली, त्यांतली निम्मी सह्याद्रीच्या कुशीतच वसलेली होती. वाचणाऱ्याला त्यातून गाव सापडत नाही. कोणत्या नदीच्या काठी, खानापूरहून किती किलोमीटर, जांबोटीच्या रस्त्यावर की हेमाडग्याच्या, हे सांगितलं तर सापडतं.

माझी पद्धत साधी आहे. दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी वाचायचं. वहीत फक्त तुटक नोंदी करायच्या: साल, आकडा, नाव, ठिकाण, आणि ते कुठल्या पानावर मिळालं. पूर्ण वाक्य वहीत उतरवायचं नाही. मग पुस्तक मिटायचं, आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी फक्त वहीवरून लिहायचं. लिहून झालं की मूळ पुस्तक उघडून ताडून बघायचं, आकडे चुकले नाहीत ना आणि एखादं वाक्य नकळत तसंच उतरलं नाही ना. कुणाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत द्यावं असं वाटलं तर एक-दोन ओळी अवतरणचिन्हात, नावासह, संदर्भासह. अख्खा परिच्छेद अवतरणात घालणं ही पळवाट झाली.

तुमच्या पतसंस्थेच्या पानाची सुरुवात नावं झाकून इथे देतो:

"सहकार क्षेत्रातील एक अग्रगण्य नाव आणि सभासदांच्या अतूट विश्वासास पात्र ठरलेल्या अमुक सौहार्द सहकारी संस्थेने, संस्थापक चेअरमन सहकाररत्न आदरणीय श्री. तमुकसाहेब यांच्या कुशल व दूरदर्शी नेतृत्वाखाली अल्पावधीतच गरुडझेप घेतली असून आज ती तळागाळातील सामान्य माणसाचा आधारवड बनली आहे."

आता यातलं प्रत्येक विशेषण उचलून विचारा, हे कोण म्हणालं? अग्रगण्य कुणाच्या मोजणीत? अतूट विश्वास कुणी मोजला? सहकाररत्न ही पदवी कुणी, कुठल्या साली दिली? गरुडझेप आणि आधारवड यांना तर विचारायचंच नको. हे सगळं काढल्यावर जे उरतं ते असं: "अमुक ही खानापूर तालुक्यातली सहकारी पतसंस्था आहे. ती कर्नाटक सौहार्द सहकारी कायदा, १९९७ खाली नोंदलेली आहे." बस्स. त्यातलं दुसरं वाक्य तुमच्या स्मरणिकेत नव्हतंच, मी नावातल्या 'सौहार्द' वरून लिहिलं, आणि ते नोंदणी प्रमाणपत्रावरून तपासायला हवं. आपल्याकडे काही संस्था १९५९ च्या कर्नाटक सहकारी संस्था कायद्याखाली आहेत, काही सौहार्द, आणि ज्यांच्या शाखा निपाणीपलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातही आहेत त्या २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली. वाचकाला या एका गोष्टीतून संस्थेबद्दल जेवढं कळतं तेवढं सहकाररत्नमधून कळत नाही.

विशेषणं काढल्यावर दोनच वाक्यं उरली, तर त्याचा अर्थ समजून घ्या. शैली सुधारून हे पान टिकणार नाही. त्या संस्थेबद्दल संस्थेबाहेरच्या कुणी सविस्तर लिहिलेलंच नाही, म्हणून ज्ञानकोशात स्वतंत्र लेख होण्याइतकी सामग्री आज नाही. उल्लेखनीयता म्हणतात ती हीच. गावाच्या लेखात 'गावात एक सहकारी पतसंस्था आहे' एवढी ओळ येऊ शकते. संस्था चांगली आहे की वाईट, हा मुद्दाच नाही. ती गावासाठी फार चांगलं काम करत असेल, आणि तरीही तिचा लेख होणार नाही.

तुम्ही संदर्भ दिले होते, तेही पाहिले. पाच बातम्या. पाचही एकाच कार्यक्रमाच्या, आणि तीन दैनिकांत वाक्य न् वाक्य सारखं. 'यावेळी व्यासपीठावर' ने सुरुवात, मग पंधरा नावं, 'सूत्रसंचालन अमुक यांनी केले तर आभार तमुक यांनी मानले' ने शेवट. हे प्रसिद्धिपत्रक आहे, सर. संस्थेच्या कार्यालयातून निघालं आणि तिघांनी तसंच लावलं. तीन ठिकाणी छापलं म्हणून तीन स्रोत झाले नाहीत. स्रोत एकच, आणि तो म्हणजे संस्था स्वतः. वाढदिवसाच्या पुरवणीतला लेखही तसाच, पुष्कळदा त्याच पानावर खाली शुभेच्छुकांच्या जाहिराती असतात. स्वतंत्र बातमी ओळखायची खूण अशी की तिच्यात संस्थेला गैरसोयीचं, निदान संस्थेने स्वतः सांगितलं नसतं असं काहीतरी असतं: निवडणुकीत दोन पॅनेल होती, लेखापरीक्षणात अमुक शेरा आला, शाखा बंद पडली, किंवा बातमीदाराने स्वतः सभासदांना विचारून काही लिहिलं. असं लिखाण दोन-तीन ठिकाणी मिळालं की लेखाचा विचार करा.

इथे एक चांगली बातमी देतो. स्रोत मराठीतलाच हवा असा नियम नाही. कानडी चालतो, इंग्रजी चालतो, उर्दूही चालतो. सीमाभागात १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतरचा सरकारी कागद मुख्यतः कानडी आणि इंग्रजीत आहे, आणि आपण मराठी लिहिणारे बऱ्याचदा तिकडे वळतच नाही. वळायला हवं. आपली नवी पिढी कानडी वाचते, तिला हाताशी धरा. वाक्य उचलायचं नाही, तथ्य घ्यायचं आणि संदर्भात कानडी पुस्तकाचं किंवा बातमीचं नाव देवनागरीत लिहायचं. अनोळखी लिपीमुळे तपासणारा अडला तर चर्चा पानावर संबंधित ओळीचा अर्थ देऊन ठेवा.

तुमच्या गावाच्या लेखासाठी तर सामग्री आहे, आणि भरपूर आहे. २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक महसुली गावाची लोकसंख्या, घरं, साक्षरता, शाळा-दवाखाना-रस्ता यांची नोंद मिळते. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या त्या जनगणनेत ४७,७९,६६१ होती, आणि हा आकडा देताना साल द्यायचं, 'सध्या' लिहायचं नाही. दुसरं, मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा एकविसावा खंड बेळगावचा आहे, १८८४ साली निघालेला. त्यावर आता कुणाचा प्रताधिकार नाही. खानापूर तालुक्यातल्या हलशीसारख्या जागांची त्यात सविस्तर माहिती आहे. कदंबांचे ताम्रपट, भूवराह नरसिंहाचं देऊळ यांवर लिहायचं असेल तर तिथून आणि शिलालेख-ताम्रपटांचा अभ्यासक फ्लीट याच्या लेखनापासून सुरुवात करावी. जॉन फेथफुल फ्लीट १९१७ साली वारला, त्याचं लेखनही मोकळं आहे. भारतात साधारण नियम असा की लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, पुढच्या १ जानेवारीपासून मोजून, हक्क राहतो. ज्ञानकोशकार केतकर १९३७ साली गेले, म्हणून त्यांचा ज्ञानकोश आता सर्वांना खुला आहे. सरकारी प्रकाशनाला प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणजे १८८४ चं गॅझेटिअर खुलं आहे, पण राज्य पुनर्रचनेनंतर कर्नाटक सरकारने काढलेलं जिल्हा गॅझेटिअर 'सरकारी आहे, जनतेचं आहे' म्हणून उतरवून घेता येणार नाही. ते वाचायचं आणि त्याचा संदर्भ द्यायचा. संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतं आणि पुन्हा वापरायला मोकळं आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत हा घोळ सगळीकडे चालतो, फक्त आपल्याकडे नाही.

खुलं आहे म्हणून जुन्या गॅझेटिअरचे परिच्छेदच्या परिच्छेद भाषांतर करून चिकटवू नका. कायद्याने चालेल, लेख मात्र बिघडेल. जातीजमातींबद्दल त्यात साहेबी तोऱ्याची जी वर्णनं आहेत, ही जमात आळशी, ती भांडखोर, ती आज विकिपीडियाच्या आवाजात सांगितली तर तो गावाचा अपमान होईल. आकडे घ्या, ठिकाणं घ्या, बाजाराचा वार घ्या, '१८८४ च्या गॅझेटिअरनुसार' असं वाक्यातच म्हणा.

आणि सगळीच मोठी विशेषणं वर्ज्य आहेत असं समजू नका. १९२४ साली बेळगावात भरलेलं काँग्रेसचं अधिवेशन हे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेलं एकमेव अधिवेशन. यातलं 'एकमेव' हे विशेषण राहील, कारण ते मोजता येतं आणि कुणालाही तपासता येतं. 'ऐतिहासिक अशा बेळगावनगरीत' मधलं 'ऐतिहासिक' जाईल. 'संगोळ्ळी रायण्णा यांना १८३१ साली नंदगड इथे फाशी देण्यात आली' या वाक्याला पुढे-मागे एकही विशेषण लागत नाही.

आदरार्थी लिहिण्याबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. कीर्तनकारांच्या नावामागचं ह.भ.प., कै., श्री., महाराज हे शीर्षकात आणि मजकुरात नको. 'ते कीर्तन करत', 'त्यांचा जन्म झाला' हे अनेकवचन मात्र राहू द्या, मराठी विकिपीडियावर तसंच लिहितात आणि मराठी कानाला तेच बरोबर वाटतं. 'वैकुंठवासी झाले' ऐवजी 'निधन झाले'. कीर्तनकार हयात असतील तर आणखी जपायचं: कुठलंही विधान संदर्भाशिवाय नको, घरचा पत्ता, मुलाबाळांची नावं नकोत. तुमच्या पानावर तर महाराजांचा मोबाइल नंबर आणि 'कीर्तनासाठी संपर्क' होतं! जाहिरात कुठली म्हणून विचारता की, ती ही.

आता थोडं नाजूक. तुमच्या गावाच्या पानात सीमाप्रश्नावर तीन परिच्छेद होते, ते कुठल्या तरी आंदोलनाच्या पत्रकातून आले असावेत, असं त्यांच्या घोषणांसारख्या वाक्यांवरून वाटतं. प्रचार म्हणजे फक्त दुकानाची जाहिरात नाही. मागणीचा प्रचारही प्रचारच. माझं स्वतःचं मत काय, ते मी १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत असतो की राज्योत्सवात यावरून गल्लीतल्या सगळ्यांना माहीत आहे. विकिपीडियावर ते मी आणत नाही. तिथे लिहायचं ते असं: १९५६ साली बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्याआधी १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. केंद्राने १९६६ साली मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला, त्याने १९६७ साली अहवाल दिला, बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावं असं म्हटलं. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, कर्नाटकाने त्याचा आधार घेतला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. कोण काय म्हणतं ते त्याच्या नावावर घालायचं: 'महाराष्ट्राची भूमिका अशी', 'कर्नाटकाचं म्हणणं असं'. 'अन्याय' हा शब्द महाराष्ट्र एकीकरण समितीच्या तोंडी येऊ शकतो, लेखाच्या तोंडी नाही. आणि एवढा इतिहास प्रत्येक गावाच्या लेखात लागतच नाही. सीमाप्रश्नाचा वेगळा लेख आहे, तिकडे दुवा द्या. शहराचं अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी आहे, तेही एकदा नोंदवून पुढे चला. त्यावर संपादनयुद्ध खेळण्यात ज्यांचा वेळ गेला, त्यांच्या हातून एकाही गावाचा लेख पुरा झालेला मी पाहिला नाही.

नक्कल पकडतात कशी, हे विचारलंय त्याचं उत्तर गमतीचं आहे. यंत्रं आहेत, मजकूर जालावर शोधून जुळवणारी. पण आपली स्मरणिका जालावर नसतेच, ई-पेपरही पुष्कळदा नुसतं चित्र असतो, म्हणून मराठीत डोळेच जास्त कामाला येतात. पानाचा इतिहास उघडला की एकाच संपादनात पंधरा हजार बाइट पडलेले दिसतात. (देवनागरी अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे पाचेक हजार चिन्हं. तरी एका बैठकीला ते खूपच.) नवख्या सदस्याने एकाही चुकीची दुरुस्ती न करता एवढं टाकलं की संशय येतोच. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलला की रफार भलत्या अक्षरावर बसतो, पहिली वेलांटी सुटून शेजारी जाते, जोडाक्षरं फुटतात. स्कॅनवरून काढलेल्या मजकुरात काना दंडासारखा होतो, ओळी मध्येच तुटतात. आणि 'आपल्या संस्थेने', 'गत अहवाल सालात', 'सविस्तर वृत्त पान ५ वर' अशी शेपटं राहून जातात. तुमच्या पानात 'आपल्या गावचे सुपुत्र' तीनदा होतं. विकिपीडियाला गाव नाही, तर 'आपले' सुपुत्र कुठून?

हल्ली चॅटजीपीटीकडून लिहून घेण्याचा मार्गही लोक काढतात. तो मजकूर कुणाच्या पुस्तकाशी शब्दशः जुळत नाही हे खरं, पण सूर तोच 'समृद्ध वारसा' आणि 'अढळ स्थान' वाला असतो, आणि संदर्भ उघडून बघितले तर कधी कधी ते पुस्तकच जगात नसतं. शुद्धलेखन तपासायला वापरा हवं तर. माहितीसाठी नको.

राहिला तुमचा आणि संस्थेचा संबंध. तुम्ही संचालक मंडळावर आहात, हे प्रश्नाच्या शेवटी सहज लिहिलंय. ते पहिल्या ओळीत यायला हवं होतं. पैसे घेतले नाहीत तरी हितसंबंध आहेच. तुमच्या सदस्य पानावर तसं लिहून टाका, आणि संस्थेबद्दल काही घालायचं असेल तर थेट लेखात न घालता चर्चा पानावर संदर्भासह सुचवा, दुसरं कुणी बघून घालेल. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याला तर ते जाहीर करणं २०१४ पासून विकिमीडियाच्या वापराच्या अटींतच आहे. शाळेच्या कार्यालयाने 'आपल्या शाळेचं पान करा' म्हणून शिक्षकाला बसवणं, हेही पगारी कामाच्या जवळच जातं, याचा विचार करा. सदस्यनाव संस्थेचं घेऊ नका, स्वतःचं किंवा टोपणनाव घ्या.

आता तुमच्या तीन पानांचं काय करायचं ते सांगतो. पतसंस्थेचं सोडून द्या. कीर्तनकारांचं तूर्त थांबवा. त्यांच्यावर कुणी स्वतंत्रपणे दीर्घ लेख लिहिला आहे का, त्यांच्या कीर्तनपरंपरेवरच्या एखाद्या अभ्यासात त्यांचा उल्लेख आहे का, ते बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात, १८४८ सालापासूनची ती संस्था आहे, जाऊन शोधा. सापडलं तर पुढे बघू. काढलेला मजकूर परत मागू नका, नकल-डकव म्हणून काढलेला मजकूर परत मिळत नाही. प्रचालकांना फक्त त्यातली संदर्भांची यादी विचारा, ती देतील. गावाचं पान मात्र धरा. त्यातला स्मरणिकेचा मजकूर सूचनेची वाट न बघता आजच स्वतः काढा, सारांशात 'प्रताधिकारित मजकूर वगळला' असं लिहा. असं स्वतःहून केलेल्या सदस्याकडे प्रचालक वेगळ्या नजरेने बघतात. मग धूळपाटीवर (सरावाच्या कच्च्या पानावर) नवा मसुदा करा: स्थान, नदी, जनगणनेचे आकडे सालासह, गॅझेटिअरमध्ये गावाचा किंवा जवळच्या ठिकाणाचा उल्लेख, शाळा कुठल्या साली निघाली आणि ते कुठल्या कागदावर आहे. आठ-दहा वाक्यं झाली तरी पुरे. प्रत्येक वाक्याला संदर्भ, त्यात पृष्ठ क्रमांक. मसुदा झाला की दुवा चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, टाका आणि कानडी संदर्भ असतील तर त्यांच्या ओळींचा अर्थ सोबत द्या, म्हणजे तपासणाऱ्याला ते ताडून मजकूर मुख्य पानावर हलवता येईल.